कापलेले श्वास

कात्रीला हे नाव मास्तरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं, की तिच्या घरून फोन आला तरी स्टुडिओतली मंडळी "कात्री आहे ना, देतो" म्हणायची. खरी कात्री तिने शाळेनंतर क्वचितच हातात धरली असेल. तिचं काम कॉम्प्युटरवर गाणं कापायचं. गायिका एकच गाणं चाळीस वेळा गाते, चाळीस टेक देते. त्यातल्या चौतिसाव्या वेळचा एक शब्द, अकराव्या वेळचा दुसरा आणि विसाव्या वेळचा शेवटचा सूर उचलून, सांधा दिसणार नाही असा जोडून एक गाणं उभं करायचं. लोक ऐकतात आणि म्हणतात, काय गळा आहे पोरीचा! असा गळा कुणाचाच नसतो. तो कुणीतरी बसून शिवलेला असतो.

टोळी चौघांची. मास्तर नवे आवाज हुडकून आणायचे आणि पुढचं सगळं ठरवायचे. कपडे, केस, मुलाखतीत काय बोलायचं आणि काय गिळायचं. कवी शब्द लिहायचा आणि एकेका शब्दासाठी मास्तरांशी हमरीतुमरीवर यायचा. चालवाला चाली लावायचा, एरवी तोंड उघडायचा ते फक्त चहा प्यायला. आणि शेवटी कात्री. वर्षा-दीड वर्षातून कुणीतरी कोवळी मुलगी दार ढकलून आत यायची आणि ही चौघं तिला घडवायला बसायची. पहिलं गाणं बाहेर पडेपर्यंत तिला नावाने हाक मारायची नाही, पाहुणी म्हणायचं, असा त्यांचा रिवाज होता. "नाव आपण देणार आहोत," मास्तर म्हणायचे, "आधीचं कशाला तोंडात बसवून घ्यायचं?"

दुसरा रिवाज कचऱ्याचा. गाणं बाहेर पडायच्या दिवशी केक यायचा, सगळे कॉम्प्युटरभोवती गोळा व्हायचे आणि पाहुणी स्वतःच्या हाताने बटण दाबून आपले सगळे कच्चे टेक पुसून टाकायची. चुकलेले, खोकलेले, मध्येच हसू फुटलेले, सगळे. प्रत वगैरे ठेवायची नाही. खरा आवाज कुणाच्या हाती लागला तर पोरीचं हसं होईल, असं मास्तरांचं म्हणणं. मग टाळ्या, मग केक. कात्रीने अशा आठ पाहुण्यांचा कचरा निघताना पाहिला होता. त्यांतली पाचवी तिची स्वतःची लेक होती.

त्या मंगळवारी सकाळी ती नवव्या पाहुणीचं गाणं कापत बसली होती. ही पाहुणी एकोणीस वर्षांची. याआधी चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून मापं बघायची. दर दोन वाक्यांनी खुदकन हसायची सवय, ती गातानाही सुटत नव्हती. कात्री तिचं हसू वेचून वेचून काढत होती, तेवढ्यात शेजारचा मोबाइल उजळला. लेकीचा निरोप होता. चार वर्षांतला पहिला.

"आई, ऑपरेशन नीट झालं. बाबांनी सांगितलं असेलच. मला माझ्या गाण्याचे कच्चे टेक हवेत. तू कापण्याआधीचे. त्या दिवशी पुसले ते मला माहीत आहे, पण तू एखादी प्रत ठेवली असशील. तू काहीच टाकत नाहीस. ठकी."

बाबांनी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. कात्रीने निरोप तीनदा वाचला. कसलं ऑपरेशन? तिने नवऱ्याला फोन लावला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचं काम करायचा. "फोनवर नको, मी येतो," एवढंच तो म्हणाला आणि अर्ध्या तासात स्टुडिओच्या जिन्यात येऊन बसला. काचा पुसायचं फडकं तसंच हातात होतं.

"गळ्यात गाठ होती," तो म्हणाला. "साधी नव्हती. स्वरयंत्र काढावं लागलं. पुरतंच. तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे?"

"तिने शपथ घातली होती गं."

"तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून जेवतोयस. परवा मीठ कमी आहे म्हणालास."

तो फडक्याची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. "मी तिला म्हटलं होतं, आईला कळवू या. तर म्हणाली, आई आली की मला नीट असावं लागतं. आत्ता तेवढं त्राण नाही."

कात्री भिंतीला टेकली. तिने विचारलं, "आता बोलते का?"

"लिहून दाखवते. पुढे यंत्र लावून काहीतरी बोलता येईल म्हणतात, पण तो आवाज तिचा नसेल." त्याने आपल्या शर्टाच्या वरच्या बटणाखाली बोट टेकवलं. "श्वाससुद्धा इथून घेते आता. नाकातोंडातून नाही."

"आणि टेक कशाला मागतेय?"

"स्वतःला गाताना ऐकायचंय तिला. माझ्याकडे दोन-चार व्हिडिओ आहेत, त्यांत ती बोलते, भांडते, पाणी दे म्हणते. गाताना एकही नाही. लहानपणी घरात कुणी तिचं गाणं टेप करायला गेलं की तूच बंद करायचीस, खरखर येते म्हणून." तो उठला. "गाताना म्हणून जगात जे काही आहे ते तू कापलेलं आहे. ते तिला नकोय."

तो गेल्यावर कात्री आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने उत्तर टाकलं. "आहेत. रविवारी घेऊन येते." लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय लिहिलं ते.

टेक नव्हते. एकही नव्हता.

आणि तरी ठकीने मागितलं त्यात तिची काय चूक? कात्री खरोखरच काही टाकायची नाही. बरण्यांची झाकणं, पुड्यांचे दोरे, लेकीचे दुधाचे दात काड्यापेटीत, पहिल्या बुटांपैकी एक बूट, आणि दुसरा हरवल्याची हळहळ, तीही अजून जपलेली. अशा बाईने लेकीचा आवाज तेवढा फेकून दिला असेल, असं लेकीच्या मनातही येणार नाही. पण तेच झालं होतं. आणि कसं झालं ते कात्रीला एकेक क्षण आठवत होतं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ठकी तेव्हा सव्वीस वर्षांची. घरात लेक, कामावर पाहुणी. मास्तरांनी तिला पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "कात्री, घरात हे ठेवून तू इथे दगडधोंडे काय कापत बसलीस?" कात्रीला आभाळ ठेंगणं झालं होतं. कवीने सहा दिवस डोकं खाजवून गाणं लिहिलं, चालवाल्याने एका दुपारी चाल लावली. त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात एक लांबलचक ओळ होती: उघडंच ठेव दार, मला उशीर होईल परतायला. "दार"नंतर श्वास घ्यायचा, म्हणजे पुढचं झेपतं. चालवाल्याने तिथे मुद्दाम जागा ठेवली होती. ठकी घ्यायची नाही. सगळी ओळ एका दमात म्हणायची आणि "परतायला"च्या शेवटी तिच्या आवाजाचं सूत व्हायचं, कधी तर तुटायचं.

"दारनंतर श्वास घे," कात्री काचेच्या अलीकडून माइकवर सांगायची.

"दार उघडं ठेव म्हणणारं माणूस घाईत असतं, आई. मध्येच थांबेल कशाला?"

"पुन्हा."

ठकी पुन्हा म्हणायची आणि पुन्हा थांबायची नाही. त्रेपन्न टेक झाले. शेवटी कात्रीने आपल्या रीतीने निकाल लावला. "दार"पर्यंतची ओळ एका टेकमधून घेतली, मध्ये चालवाल्याला हवी तेवढी जागा मोकळी सोडली, आणि शेवटचं "परतायला" मुखड्यात एकदा येऊन गेलेलं होतं ते उचलून इथे बसवलं. ओळ आरशासारखी लख्ख झाली. चालवाला ऐकून चक्क दोन शब्द बोलला.

कचऱ्याच्या दिवशी ठकीचं बोट बटणावर थबकलं. "एखादा ठेवू का?" तिने सगळ्यांसमोर विचारलं, हसत हसत. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. कात्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामावर आपल्याच पोरीने रिवाज मोडला तर उद्या तोंड कसं दाखवायचं? "वेडी आहेस का," असं म्हणून तिने लेकीच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. टाळ्या वाजल्या. केकचा पहिला तुकडा ठकीने आईलाच भरवला होता, हे कात्रीला आता आठवायला नको होतं.

गाणं गाजलं. मग पहिला मोठा कार्यक्रम झाला. ती ओळ आली, ठकीने ती एका दमात म्हटली, शेवटी सूत तुटलं आणि पुढच्या रांगेतली दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली. मास्तरांनी लगेच तोडगा काढला. मागे रेकॉर्ड वाजेल, हिने नुसते ओठ हलवायचे. असे अकरा कार्यक्रम झाले. बाराव्याच्या सकाळी ठकीने बॅग भरली.

"लोक जिच्यासाठी टाळ्या वाजवतात ती मी नाहीये," ती म्हणाली. "ती तू शिवलेली आहेस. आणि ती माझ्यापेक्षा चांगली गाते, आई."

यावर आईने काय म्हणायला हवं होतं ते कुणीही सांगेल. कात्री म्हणाली, "मग गा ना तिच्यासारखं."

त्यानंतर ठकी गायली नाही. शहराच्या टोकाला एका रोपवाटिकेत कामाला लागली, तिथेच वरच्या खोलीत राहू लागली. बाप दर रविवारी जायचा आणि एखादं रोप घेऊन परत यायचा. घराच्या खिडक्या हिरव्यागार झाल्या होत्या. कात्री त्या रोपांना नेमाने पाणी घालायची आणि लेकीबद्दल काही विचारायची नाही.

आता मंगळवार उलटला होता आणि रविवार तोंडावर होता. सरळ खरं सांगावं, प्रत ठेवली नाही म्हणावं, तर तिच्याने होईना. लेकीने आवाज मागितला होता, पण त्या मागण्याच्या मागे तिचा एक समज होता, की आईने आपल्याला गुपचूप जपून ठेवलंय. तो समज मोडायचा धीर कात्रीला होईना. मग तिने जे तिला येत होतं ते केलं.

गाण्यातला ठकीचा नुसता आवाज, कापून लख्ख केलेला, तिच्याकडे होता. आणि आणखी एक गोष्ट होती. ओळींच्या मधले श्वास कात्री कापायची, पण फेकायची नाही. ते खाली एका वेगळ्या ट्रॅकवर जिथल्या तिथे उतरवून ठेवायची. एखादं गाणं फारच कोरडं वाटलं, तर त्यातले दोन-चार हळूच परत लावता येतात. कचरा काढताना श्वासांचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, म्हणून ते उरले होते.

तीन दिवस ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. लख्ख आवाजाला तिने मळवायला घेतलं. काही सूर किंचित उतरवले, काही चढवले. ताल सैल केला. ओळींची टोकं विरवली, "परतायला"चं सूत केलं. गाणं सरल्यावरचा शेवटचा तेवढा सोडून सगळे श्वास उचलून परत आपापल्या जागी लावले. जन्मभर ज्या चुका निवडून काढल्या त्या आता ती निवडून पेरत होती, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात तिचा हात बसत गेला. शुक्रवारी तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. ठकीच होती. काचेपलीकडे उभी असल्यासारखी. कात्रीचं बोट आपसूक माइकच्या बटणाकडे गेलं, "ठके" म्हणायला. मग ती रडली, पहिल्यांदा, टेबलावर डोकं ठेवून. नववी पाहुणी लवकर आली होती. ती दारातूनच मागे फिरली आणि त्या दिवशी दुपारपर्यंत हसली नाही.

रविवारी नवरा-बायको दोघं रोपवाटिकेत गेली. नवरा सवयीने पाण्याची नळी उचलून रोपांकडे वळला. खरं तर त्याला खोलीत जायचं नव्हतं. ठकी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. वाळली होती. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल. कात्री जवळ गेली, तिने लेकीला पोटाशी धरलं आणि तिच्या कानाला, सबंध आयुष्य श्वास ऐकलेल्या कानाला, लेकीचा श्वास भलत्याच जागेवरून ऐकू आला. खालून. स्वतःच्या खांद्यापाशी.

टेबलावर वही आणि पेन. ठकीने लिहिलं, "चहा करू?" कात्रीने मान हलवली आणि लॅपटॉपवर गाण्याची फाइल उघडून पुढे केली. चहा राहिलाच.

ठकीने हेडफोन लावले. कात्रीला काही ऐकू येत नव्हतं, फक्त लेकीचा चेहरा दिसत होता. आधी तो घट्ट होता. मग भुवया सैल झाल्या, ओठांचा कोपरा हलला, डोळे मिटले. लहानपणी तापातून उठल्यावर ती अशी दिसायची. कात्रीने मनाशी म्हटलं, झालं, भागलं. याचं पाप मला लागू दे, पण तिला एवढं राहू दे.

मग ठकीचे डोळे उघडले. तिने फाइल थोडी मागे घेतली, ऐकलं. पुन्हा मागे घेतली. पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून वही ओढली.

"इथे श्वास आहे. दारनंतर."

"हो," कात्री म्हणाली.

"मी तिथे कधीच घेतला नाही. तू त्रेपन्न वेळा सांगितलंस तरी."

त्या जागी ट्रॅकवर श्वास नव्हताच, कुठून असणार? पण आवाजात मोकळी जागा दिसली, तिथे श्वास हवा असं हाताला वाटलं, आणि हाताने दुसरीकडचा एक उचलून आणून तिथे बसवला. तिला कळलंसुद्धा नव्हतं. लेकीने जो घेतला नाही, तो शेवटी तिने स्वतः तिच्या गळ्यात घातला होता.

"प्रत नाहीये ना?" ठकीने लिहिलं.

"नाही."

"कधीच नव्हती?"

"नव्हती. मी ठेवली नाही."

ठकी रागावली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली. मग तिने एक ओळ लिहिली आणि वही आईकडे न सरकवता तशीच ठेवली. कात्रीला ती उलटी वाचावी लागली.

"तुझ्यावर चिडलेली असतानाही मला वाटायचं, तू लपवून ठेवली असशील."

एवढं झाल्यावर ती उठून खाली बापाकडे गेली. वरून कात्रीला दोघं दिसत होती. बाप पाणी घालत होता आणि लेक सुकलेली पानं खुडत होती. घरी परतताना नवऱ्याने विचारलं, "आवडलं का तिला?" कात्री म्हणाली, "नाही." आणि त्याने पुढे विचारलं नाही.

बुधवारी नवव्या पाहुणीचा कचरा होता. केक आला, त्यावर मास्तरांनी ठरवलेलं तिचं नवं नाव लिहिलेलं होतं. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं, कुणा तिसऱ्याच मुलीचं असावं तसं. सगळे कॉम्प्युटरभोवती उभे राहिले.

"मास्तर," कात्री म्हणाली, "एक प्रत तिला देऊ या. तिच्या घरी राहील."

कवीने चमचा खाली ठेवला. मास्तर हसून म्हणाले, "काय गं हे? या रिवाजात तूच तर सगळ्यात कडक."

"होते. चुकलं माझं. तिला विचारा ना, तिला हवी का."

सगळ्यांनी पाहुणीकडे पाहिलं. ती खुदकन हसली. "छे हो काकू, ते भसाडं कोण ऐकणार? मला तर गाण्यातली ही मीच आवडते आता." तिने बटण दाबलं. तिच्या बोटावर कुणाला बोट ठेवावं लागलं नाही. टाळ्या वाजल्या.

कात्रीने सकाळीच तिच्या सगळ्या टेकची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली होती. मागेल तेव्हा असू दे म्हणून. कदाचित कधी मागणारही नाही. ते हसणंही त्यात होतं, जिथल्या तिथे.

"कात्री, तू चार दिवस सुट्टी घे," मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले.

"घेते," ती म्हणाली. जाण्याआधी तिने पाचव्या पाहुणीच्या गाण्याचा तो खालचा ट्रॅक, नुसत्या श्वासांचा, एका फाइलमध्ये उतरवून घेतला. ऐकला नाही. ऐकला असता तर हात शिवशिवले असते. केकही खाल्ला नाही.

गुरुवारी सकाळी ती रोपवाटिकेत गेली तेव्हा नवराही सोबत होता. दुकानात काय सांगून आला होता कुणास ठाऊक. ठकी माती चाळत होती. आईला बघून तिने हात झटकले, पण पुढे आली नाही. कात्रीला जे बोलायचं होतं ते तिने वाटेत शंभरदा घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"टेक नाहीत," ती म्हणाली. "ते पुसले, मीच पुसले, तुझ्या बोटावर बोट ठेवून. पण तुझे श्वास आहेत. मी कापून बाजूला ठेवलेले. त्यांना मी काही केलेलं नाही. उतरवून घेतल्यावर ऐकलेसुद्धा नाहीत. नको असतील तर तसं सांग, मी जाते."

ठकी बघत राहिली. मग वळून जिना चढायला लागली, आणि चार पायऱ्या गेल्यावर आई येतेय की नाही हे तिने मागे वळून पाहिलं.

या वेळी तिने हेडफोन लावले नाहीत. फाइल लॅपटॉपच्या स्पीकरवर मोठ्याने लावली. सुरुवातीला नुसती शांतता. मग एक श्वास, नाकातून घेतलेला, थोडा घाबरा. पुन्हा शांतता. पुन्हा श्वास, आता तोंडातून, पटकन. खाली नवऱ्याने पाणी बंद केलं होतं. तो जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा होता, पण वर आला नाही.

पाचव्या-सहाव्या श्वासानंतर ठकीचे ओठ हलायला लागले. श्वास जिथल्या तिथे होते, म्हणजे मधल्या जागाही गाण्याच्या मापाच्याच होत्या. एक श्वास, मग एका ओळीएवढी शांतता, मग दुसरा श्वास. त्या शांततेत ठकी ओठांनी गात होती, बिनआवाजी, आणि ओळ संपली की बरोबर पुढचा श्वास यायचा. त्या अकरा कार्यक्रमांत तिने असेच ओठ हलवले होते, पण तेव्हा मागे आईने शिवलेला गळा वाजत होता. आता मागे काहीच वाजत नव्हतं. मधूनमधून तिच्या रुमालाखालून आत्ताचा श्वास ऐकू यायचा आणि स्पीकरमधून तेव्हाचा, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

दुसरा अंतरा आला. स्पीकरमध्ये एक खोल, पोटातून घेतलेला श्वास झाला. ठकीने सुरुवात केली: उघडंच ठेव दार. ती थांबली नाही. स्पीकरमध्येही तिथे काही नव्हतं, नुसती सलग शांतता. कात्रीने स्वतःचा श्वास रोखून धरला होता. मला उशीर होईल परतायला. शेवटी ठकीच्या ओठांचा वेग मंदावला, हनुवटी थोडी वर गेली, आणि तिथे ते सूत झालं आणि तुटलं, हे कात्रीने आपल्या डोळ्यांनी ऐकलं. लगेच स्पीकरमधून धापेसारखा श्वास आला. त्या ओळीत कापण्यासारखं काही नव्हतं. पाच वर्षांपूर्वीही नव्हतं.

कात्री रडत होती आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

गाणं सरलं. शेवटचा श्वास आला, दमलेला, लांब. फाइल तिथे संपायला हवी होती, पण श्वासाच्या शेपटीला थोडी शांतता चिकटून आली होती, आणि त्या शांततेत, ठकीच्या कानांवरच्या हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेला, अगदी बारीक, दुसराच एक आवाज होता. बाईचा. कंटाळलेला, कोरडा.

"पुन्हा."

कात्रीने तो आवाज ओळखला. त्या सबंध फाइलमध्ये शब्द म्हणून तेवढा एकच होता आणि तो तिचा होता. तिचा हात टेबलावरून आपसूक पुढे गेला, बटणाकडे. एवढंसं तर कापायचं होतं. एका क्षणाचं काम.

ठकीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. उजव्या हाताने वही जवळ ओढली आणि लिहिलं,

"राहू दे. असंच होतं."

मनगट तिने सोडलं नाही. पेन खाली ठेवून त्याच हाताने तिने फाइल पहिल्यापासून लावली.